भरपाईचा पैसा कोणाचा? गाडीच्या पोच्यापासून गोसीखुर्दपर्यंत

१/ गाडीच्या दाराला पोचा पडला. विमा कंपनीने नुकसानीची रक्कम मंजूर केली. ही रक्कम दारावरच खर्च करायला हवी, की पोचा तसाच ठेवून मुलांची फी भरली तरी चालेल? प्रश्न घरगुती दिसतो. मात्र त्यामागे अडीचशे वर्षांचा कायदेशीर इतिहास आहे आणि त्या इतिहासाचे एक टोक भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ भंडारा, लाखनी, साकोली ही गावे सुरत–कोलकाता मार्गावर आहेत. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, आजचा क्रमांक ५३. याच मार्गालगत गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना १९८०च्या दशकाच्या आरंभी उभा राहिला. अवजड वाहतुकीच्या अशा रस्त्यावर लहान गाडीचा बंपर फुटणे, दार चेपणे, काचेला खडा लागणे ही नवलाची गोष्ट नाही.

३/ पोच्याचा व्यवहार भंडाऱ्याला मोटारीच्या आधीपासून ठाऊक आहे. हे शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. भांड्याला पोचा पडला की दोन वाटा असत: कारागिराकडून तो ठोकून काढणे, अथवा भांडे मोडीत घालून वरचे पैसे भरून नवे घेणे. तिसरी वाटही होती: पोच्यासह भांडे वापरत राहणे. निर्णय भांडे ज्याचे त्याचा. विम्यात मात्र भरपाई देणारा दुसराच असतो आणि तेथेच गुंता सुरू होतो.

४/ आधी रकमेचा हिशेब पाहू. साडेचार वर्षांची एक कल्पित गाडी घ्या. प्लास्टिकचा बंपर ८,००० रुपये, पत्र्याचे दार १०,००० रुपये, मजुरी ४,००० रुपये, एकूण २२,०००. भारतीय मोटार विम्याच्या रूढ नियमांनुसार प्लास्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा धरतात. धातूच्या भागांचा घसारा गाडीच्या वयानुसार वाढतो. चार ते पाच वर्षांच्या गाडीला तो ३५ टक्के.

५/ म्हणजे बंपरचे ४,०००, दाराचे ६,५०० आणि मजुरीचे ४,००० मिळून १४,५००. त्यातून मालकाने स्वतः सोसायची सक्तीची रक्कम वजा होते. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी ती सध्या साधारणपणे १,००० रुपये असते. हाती येणारी रक्कम १३,५००. उरलेले ८,५०० मालकाचे. ‘झीरो डेप’ ही जोड विमापत्रात घेतलेली असेल, तर घसारा कापला जात नाही.

६/ दुसरी वजाबाकी लगेच दिसत नाही. दावा न करणाऱ्याला पुढील वर्षी हप्त्यात सूट मिळते: पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक दावा केला की ही सूट शून्यावर येते. स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता ६,००० रुपये कायम धरला आणि मालक ५० टक्क्यांच्या उंबरठ्यावर असला, तर पुढील पाच वर्षांत तो अनुक्रमे ३,०००, १,८००, १,५००, ९०० आणि ३०० रुपये गमावतो. एकूण ७,५००.

७/ तेव्हा १३,५०० रुपयांच्या दाव्याचे खरे मोल ६,००० रुपये. जाणती माणसे लहान पोच्यासाठी दावाच का करीत नाहीत, हे यावरून कळते. पैसा कशावर खर्च करावा, या प्रश्नाच्या आधी तो मागावा की नाही, हा प्रश्न येतो. पण समजा, मागितला आणि मिळाला. पुढे?

८/ येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. भारतातील मोटार विम्याच्या रूढ करारात पर्याय निवडण्याचा अधिकार कंपनीकडे असतो. गाडी दुरुस्त करून द्यावी, भाग बदलून द्यावा की रोख रक्कम द्यावी, हे कंपनी ठरवू शकते. ‘कॅशलेस’ पद्धतीत तर कंपनीच्या वाट्याचा पैसा परस्पर गॅरेजकडे जातो. गाडी कर्जावर असेल, तर मोठ्या रोख भरपाईवर पहिला हक्क बँकेचा येतो.

९/ रोख तडजोड अशक्य नाही. मात्र ती घेऊन पोचा तसाच ठेवला, तर पुढच्या अपघातात त्याच दाराची भरपाई पुन्हा मागता येत नाही. सर्व्हेअर त्याला ‘आधीचे नुकसान’ म्हणून वगळतो. पैसा खिशात आला तरी त्याच्यावर जणू पत्ता लिहिलेला असतो. हा पत्ता कोणी लिहिला? उत्तरासाठी अठराव्या शतकातील लंडनला जावे लागते.

१०/ १६६६ च्या भीषण आगीत लंडनचा मोठा भाग जळाला. पुढील दोन दशकांत तेथे आगीच्या विम्याचा धंदा उभा राहिला. त्याबरोबर नवे भयही आले: विम्याच्या पैशासाठी कोणी स्वतःचेच घर पेटवले तर? दाट वस्तीत एका घराची आग आख्ख्या गल्लीला गिळू शकते. विमाधारकाचा खासगी व्यवहार अशा रीतीने शेजाऱ्यांच्या जिवाशी येऊन भिडला.

११/ यावर ब्रिटिश संसदेने १७७४ च्या कायद्यात तोड काढली. जळालेल्या इमारतीत हितसंबंध असलेल्या कोणीही मागणी केली, अथवा मालकानेच आग लावल्याचा संशय असला, तर विमा कंपनीने पैसा मालकाच्या हाती न देता तो इमारत पुन्हा उभारण्यावर खर्च करावा. घर उभे राहील, पण पेटवणाऱ्याच्या हाती रोकड पडणार नाही. मोह मुळातच खुडण्याचा हा उपाय होता.

१२/ पैशावर पत्ता लिहिण्याचे हे एक ठळक आरंभीचे उदाहरण. त्यामागचे तत्त्व पुढे इंग्लिश न्यायालयांनी घट्ट केले: विमा माणसाला नुकसानीपूर्वीच्या स्थितीत नेऊन ठेवतो, त्याहून वर नेत नाही. १८८३ च्या एका गाजलेल्या खटल्यात घर विकणाऱ्याला आगीची भरपाईही मिळाली होती आणि पुढे ठरलेली पूर्ण किंमतही. न्यायालयाने त्याला विम्याचे पैसे परत करायला लावले. दुहेरी लाभ विम्यात बसत नाही.

१३/ हीच चौकट ब्रिटिश अंमलात भारतात आली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने इतरांच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला. ते प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झाले. स्वतःच्या गाडीचा विमा ऐच्छिक राहिला आणि तो आजही तसाच आहे. १९७३ च्या आरंभी १०७ विमा संस्थांचे विलीनीकरण होऊन चार सरकारी कंपन्या कामाला लागल्या. २००७ पासून स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर खुले झाले.

१४/ धंदा खासगीतून सरकारी झाला, पुन्हा खासगीला खुला झाला. पत्ता मात्र टिकून राहिला. तरीही मोटारमालकाची बेडी तशी सैल आहे. तो दावा न करण्याचे ठरवू शकतो. रोख तडजोड मागू शकतो. दोष समोरच्या वाहनाचा असेल आणि रस्त्यातच आपसांत तोडगा निघाला, तर त्या पैशाचे त्याने काय केले, हे कोणी विचारीत नाही. गाडीवाल्याला व्यवहार कळतो, असे समाज गृहीत धरतो.

१५/ सर्वांच्या बाबतीत असे गृहीत धरले गेले नाही. भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेस तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. ब्रिटिश काळात सुरू झालेल्या मध्य प्रांतातील या खाण उद्योगातून १९६२ मध्ये आजच्या ‘मॉईल’ या कंपनीची उभारणी झाली. खाणीतील अपघात मोटारीच्या पोच्यासारखा नसतो. तेथे हात जातो, पाय जातो, माणूस जातो.

१६/ १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अशा अपघातांत मालकावर भरपाईची जबाबदारी टाकली. त्याच कायद्याचे आठवे कलम मात्र बारकाईने वाचण्यासारखे आहे. मृत कामगाराच्या वारसांची रक्कम थेट त्यांच्या हाती द्यायची नाही. ती आयुक्तांकडे जमा करायची. स्त्रीला मिळणारी एकरकमी भरपाईही याच वाटेने जाणार. ती रक्कम गुंतवावी की कशी वापरावी, हे आयुक्त ठरवू शकत.

१७/ हेतू वाईट नव्हता. ठेकेदार, सावकार, भाऊबंद सगळे त्या पैशावर डोळा ठेवून असत. परंतु परिणाम असा की नवरा गमावलेल्या बाईला स्वतःच्या दुःखाच्या किमतीवर सही करण्याचाही अधिकार उरला नाही. लंडनच्या कायद्याने लबाडीच्या भीतीने पैसा अडवला होता. येथे तो अडवला गेला भोळेपणाच्या गृहीतकावर.

१८/ स्वातंत्र्यानंतरही हे गृहीतक टिकले. रस्ते अपघातांच्या खटल्यांत गुजरात उच्च न्यायालयाने १९८० च्या दशकाच्या आरंभी काही मार्गदर्शक सूत्रे आखली. सर्वोच्च न्यायालयाने भोपाळ वायुकांडाच्या १९९१ च्या निकालात आणि त्यानंतर केरळ राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या खटल्यात त्यांना मान्यता दिली. अज्ञान आणि निरक्षरतेमुळे अपघातग्रस्तांचा पैसा इतरांनी लुबाडू नये, हा त्यांचा गाभा.

१९/ या सूत्रांनुसार अल्पवयीनांची रक्कम ते सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवायची. निरक्षरांचीही ठेवीतच, मात्र शेतीची अवजारे किंवा रिक्षा यांसारखे उपजीविकेचे साधन घ्यायचे असेल, तर न्यायाधिकरणाने खात्री करून पैसे मोकळे करावेत. येथेही पत्ता लिहिलेला आहे. अवजारासाठी दार उघडते. लग्न, देणे, घराचे छप्पर यांसाठी दार ठोठावावे लागते.

२०/ २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच या सूत्रांच्या वापराबद्दल खडसावावे लागले. न्यायाधिकरणे ती यांत्रिकपणे लावीत होती. सुशिक्षित, स्वतःची गरज सांगू शकणाऱ्या वारसांनाही रक्कम नाकारली जात होती. संरक्षणासाठी आखलेली चौकट अडवणुकीची होऊ नये, असा त्या निकालाचा आशय होता. पैसा कोणाचा, हा प्रश्न एकविसाव्या शतकातही सुटलेला नव्हता, एवढे त्यातून दिसते.

२१/ आता जमिनीकडे वळू, कारण भंडाऱ्यात भरपाईचा सर्वांत मोठा प्रसंग जमिनीचाच आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात ३२ वे कलम होते. ज्याला जमीन विकण्याचा पूर्ण अधिकार नाही, त्याच्या जमिनीची रक्कम न्यायालयाने दुसरी जमीन घेण्यात गुंतवावी; ते जमेपर्यंत सरकारी रोख्यांत ठेवावी. १९५६ पूर्वी हिंदू विधवेचा पतीच्या जमिनीवरील हक्क असाच मर्यादित असे.

२२/ इतर खातेदारांना मात्र रोख पैसा. बाजारभाव आणि वर सक्तीच्या संपादनाबद्दल १५ टक्के. १९८४ च्या दुरुस्तीनंतर ३० टक्के. सरकारच्या दृष्टीने येथे व्यवहार संपला. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो येथे सुरू होत असे. १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली लढा दिला, तेव्हाची घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. त्या घोषणेत रोख रकमेला जागाच नव्हती.

२३/ महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा करून ही पोकळी भरण्याचा प्रयत्न केला. पुढे १९८६ आणि १९९९ मध्ये त्याची नवी रूपे आली. लाभक्षेत्रात पर्यायी जमीन देण्याची तरतूद झाली. अट अशी की, भरपाईच्या रकमेपैकी ६५ टक्के शेतकऱ्याने सरकारकडे भरायचे. पुन्हा पैशावर पत्ता आला, पण या वेळी त्या पत्त्यावर निदान जमीन मिळण्याची आशा होती.

२४/ अडचण वेळेची होती. भरपाई हाती येते तेव्हा कुटुंबाला नवे घर उभारायचे असते, जुने देणे फेडायचे असते, भावांत वाटणी करायची असते. पर्यायी जमीन नक्की कोठे आणि केव्हा मिळेल, हे कागदावर असते. मुदतीत ६५ टक्के न भरणाऱ्याचा जमिनीवरील दावा दुबळा होई. निवड होती खरी. परंतु ती पुरात उभ्या माणसाने करायची निवड होती.

२५/ २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी झाली. भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात वैनगंगेवर हे धरण आहे. अधिकृत नाव इंदिरासागर. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील अनेक गावे बुडिताखाली आली, हजारो कुटुंबांना उठावे लागले. आरंभीचा अंदाजित खर्च सुमारे ३७२ कोटी रुपये होता. पुढे तो अनेक पटींनी वाढला आणि प्रकल्पाला राष्ट्रीय दर्जा मिळाला.

२६/ धरणाचा खर्च काळाबरोबर वाढला. ज्यांना आरंभीच्या वर्षांत जमिनीचे पैसे मिळाले, त्यांची रक्कम मात्र त्या वर्षीच्या भावात गोठली. मोर्चे, जलसमाधीचे इशारे, धरणे आंदोलने यांचा दीर्घ काळ गेला. पायाभरणीनंतर तब्बल पंचवीस वर्षांनी, २०१३ मध्ये, राज्य सरकारने सुमारे १,२०० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज जाहीर केले. नोकरीसारख्या हक्कांच्या जागी त्यात एकरकमी रोख रक्कम होती.

२७/ ‘भरपाई मिळाली आणि मोटारसायकलींत, लग्नांत उडवली’ हे वाक्य महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक धरणाच्या वाट्याला आले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने हे वाक्य निकाल म्हणून स्वीकारू नये. ते पुरावा म्हणून तपासावे. काही घरांत पैसा उधळला गेला असेलच. पण जो पैसा ‘उडाला’, तो नेमका कोणत्या नुकसानीच्या बदल्यात आला होता?

२८/ गाडीच्या सर्व्हेअरची यादी आठवा. बंपर, दार, मजुरी. प्रत्येक भाग वेगळा मोजलेला. भूसंपादनाच्या निवाड्यातही यादी असते: जमीन, घर, विहीर, झाडे. पण वैनगंगेच्या पात्रात उन्हाळ्यात लावली जाणारी डांगरवाडी? तिचा सातबारा नसतो. ढिवरांची मासेमारी, गुरांचे चराऊ रान, सरपण, नदीकाठची वाळू-माती? ही मिळकत रोजची होती आणि यादीत नव्हती.

२९/ जे मोजले गेले नाही, त्याची जागा मोजलेल्या पैशाने भरून काढावी लागली. पूर्वी नदीतून येणारा मासा आता विकत घ्यायचा. पूर्वी पायी गाठता येणारे शेत आता दूर, म्हणून दुचाकी. नव्या गावठाणात घर बांधल्याशिवाय राहता येत नाही. बाहेरून ‘उधळपट्टी’ दिसणाऱ्या खर्चाचा मोठा भाग न मोजलेल्या नुकसानीचा हप्ता असतो.

३०/ यात बाजाराचाही वाटा असतो. एकाच पट्ट्यातील शेकडो कुटुंबे एकाच काळात जमीन शोधू लागली की आसपासच्या जमिनीचे भाव चढतात. काल पाच एकरांचे मोल असलेली रक्कम आज दोन एकरांना पुरत नाही. समाजशास्त्रज्ञ मायकेल सेर्निया यांनी जागतिक बँकेत काम करताना हाच मुद्दा वारंवार मांडला: केवळ रोख भरपाईने विस्थापितांचे जीवन पूर्वपदावर येत नाही.

३१/ विम्याचे तत्त्व आठवा: नुकसानीपूर्वीच्या स्थितीत नेणे. गाडीच्या बाबतीत ते साधते, कारण त्याच बनावटीचे दार बाजारात मिळते आणि ते बसवणारा मिस्त्रीही मिळतो. गावाचे सुटे भाग कोठेही विकत मिळत नाहीत. म्हणून गाडीवाल्याला दिलेले रोख पैसे आणि धरणग्रस्ताला दिलेले रोख पैसे एकाच नावाने ओळखले जात असले, तरी ते सारखे काम करू शकत नाहीत.

३२/ भंडाऱ्याच्या इतिहासात उलट उदाहरणही आहे. हा जिल्हा तेव्हाच्या मध्य प्रदेशात असताना १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क सरकारजमा झाले. त्यांनाही भरपाई ठरली. त्या वेळची चर्चा ‘किती’ आणि ‘कोणाला’ याभोवती फिरली. मालगुजार पैसे उडवील, अशी चिंता लोकस्मृतीत कोठे घर करून राहिलेली दिसत नाही.

३३/ या साऱ्या प्रसंगांतून एक सूत्र हाती लागते. भरपाई कशावर खर्च करावी, हे ठरवण्याचा अधिकार रकमेच्या आकारावर अवलंबून नव्हता. तो घेणाऱ्याच्या सामाजिक स्थानावर अवलंबून होता. मोटारमालक आणि मालगुजार शहाणे धरले गेले. खाणकामगाराची विधवा, निरक्षर अपघातग्रस्त यांचा पैसा अडवला गेला. धरणग्रस्ताला तो मोकळा दिला गेला आणि नंतर खर्चाबद्दल बोल लावला गेला.

३४/ म्हणून पैसा अडवणे चूक आणि मोकळा देणे बरोबर, असा सोपा निष्कर्ष निघत नाही. मुदत ठेवीने अनेक अनाथ मुलांचे शिक्षण वाचवले असेल. रोख रकमेने अनेकांना सावकारापासून सोडवले असेल. महत्त्वाचे हे की निवड करणाऱ्यासमोर खरे पर्याय होते का आणि निवडायला पुरेसा वेळ होता का. पर्यायांविना दिलेले स्वातंत्र्य आणि विश्वासाविना दिलेले संरक्षण, दोन्ही अपुरी ठरली.

३५/ २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यात या अनुभवांचे काही पडसाद उमटले. तो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. सक्तीच्या संपादनाची जादा रक्कम १०० टक्के झाली. जमीन नावावर नसली तरी उपजीविका बुडणाऱ्यांना, जलाशयांवर जगणाऱ्या मच्छीमारांनाही ‘बाधित कुटुंब’ म्हणून स्थान मिळाले. सातबाऱ्याबाहेरची मिळकत प्रथमच यादीच्या जवळ आली.

३६/ त्याच कायद्याच्या परिशिष्टात बाधित कुटुंबासाठी तीन पर्याय आहेत: नोकरी, किंवा एकरकमी ५ लाख रुपये, किंवा वीस वर्षे दरमहा किमान २,००० रुपये देणारी वार्षिकी, महागाईच्या निर्देशांकाशी जोडलेली. शेवटचा पर्याय म्हणजे एक प्रकारचे विमापत्रच. पैसा एकदम हवा की हप्त्याने, हे ठरवण्याची जागा कायद्याने निदान तत्त्वतः कुटुंबापुढे ठेवली.

३७/ शेवटी पुन्हा त्या दाराकडे. पोचा पत्र्यापुरता असेल, गंज धरण्याची भीती नसेल आणि सूट मोठी असेल, तर दावा न करणे बहुधा शहाणपणाचे. दावा केलाच, तर दुरुस्ती करून घेणे हिताचे, कारण न काढलेला पोचा पुढच्या दाव्यात आडवा येतो. दिवा फुटला, दार नीट लागत नाही, चाकाचे अलाइनमेंट बिघडले, तर प्रश्नच उरत नाही. तो पैसा सुरक्षिततेचा.

३८/ हा सारा विचार गाडीचा मालक चहाच्या कपासोबत, कोणाच्याही परवानगीविना करू शकतो. त्याला वेळ आहे, पर्याय आहेत आणि चुकला तरी नुकसान काही हजारांचे. पवनी तालुक्यातून उठलेल्या कुटुंबाच्या भरपाईबद्दल बोलताना या तिन्ही गोष्टी त्यांच्याजवळ होत्या का, हे आधी तपासावे. ‘पैसे उडवले’ हा शब्दप्रयोग त्यानंतर करावा की नाही, हे मग ज्याचे त्याने ठरवावे.